अमृतमहोत्सवासाठी तीन नवी गीतं : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर 2025

15 जून, रविवार

आमच्या मंडळीला, म्हणजे नाशिकच्या आमच्या चर्चला, यंदा 75 वर्षं होतात. वर्धापनाची उपासना 23 नोव्हेंबरला ठरली. 30 नोव्हेंबर आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार, त्या दिवशी पाठ, वेदीवरचं वस्त्र, गीतं सगळंच बदलतं. म्हणून एक आठवडा आधीची तारीख.

नवी गीतं तीन : प्रवेशाचं, अर्पणाच्या वेळचं आणि उपदेशानंतरचं. शब्द तिन्हींचे नवे, पण नव्या चाली दोनच. एका उपासनेत लोक दोनपेक्षा जास्त अनोळखी चाली उचलत नाहीत. तिसरी आली की पुस्तक हातात धरून गप्प उभे राहतात आणि गाणं गायकवृंदाचं एकट्याचं होतं. वर्धापनाला बाहेरगावची माणसं येणार, त्यांनी सराव केलेला नसणार, हे धरूनच लिहायचं.

सिनेमाची किंवा प्रसिद्ध भावगीताची चाल घ्यायची नाही. लोकांना ती लगेच येते हे खरं, पण चालीबरोबर तिचे मूळ शब्दही मनात वाजतात, आणि प्रार्थनेला बसलेला माणूस भलतीकडे पोचतो.

22 जून

शास्त्रपाठ आधी, शब्द नंतर. पाठ न ठरवता लिहायला बसलं की वर्धापनगीतात तेच तेच येतं : मंदिर सुंदर, घंटा मधुर, सोहळा थोर. वास्तूची स्तुती होते, देव एका ओळीत उरतो.

घेतलेले पाठ : 1 शमुवेल 7:12, म्हणजे शमुवेलाने उभा केलेला एबन-एजर (साहाय्याचा धोंडा), यहोशवा 4, यार्देनेतून उचललेले बारा धोंडे, योहान 15, द्राक्षवेल, विलापगीत 3:22-23, रोज सकाळी नवी होणारी दया.

योबेल वर्षाची (सुटकेच्या वर्षाची) सूचना आली होती, ती घेतली नाही. लेवीय 25 मधलं योबेल पन्नासाव्या वर्षाचं आहे. सुवर्णमहोत्सवाला ते चपखल बसलं असतं, पंच्याहत्तराव्याला ओढून आणल्यासारखं होईल.

द्राक्षवेल मात्र नाशिकमध्ये सोडणं शक्यच नाही. आपल्या लोकांत निफाड-दिंडोरीकडे बागा असलेली घरं आहेत. त्या पाठावर अर्पणाचं गीत.

6 जुलै

प्रवेशगीत अभंगात. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवी उपासनेत रुजवली, तेव्हापासून मराठी मंडळीच्या कानाला हा घाट घरचा आहे. शिवाय मिरवणुकीत चालताना गायला मोठा अभंग सोपा : पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. मोजायची ती अक्षरं, मात्रा नव्हेत. जोडाक्षर एकच धरायचं.

धृपद :

येथवरी आलो । तुझ्याच आधारे ।
तुझे देणे सारे । दयाघना ॥

दुसरं :

यार्देनेचे धोंडे । बारा रचियेले ।
मुलां सांगियेले । तुझे कार्य ॥

‘दगड’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण पवित्र शास्त्रातला ‘धोंडा’ लोकांच्या कानात आहे. ‘रचियेले, सांगियेले’ ही जुनी रूपं अभंगातच शोभतात. बाकीच्या दोन गीतांत असली रूपं आणायची नाहीत, एकाच पानावर दोन काळांची मराठी नको.

13 जुलै

आज सगळा वेळ आकड्यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

कमिटीचं म्हणणं, ‘अमृतमहोत्सव’ शब्द गीतात हवा. अक्षरं सात : अ-मृ-त-म-हो-त्स-व. सहाच्या चरणात बसत नाही. तोडून दोन चरणांत टाकला तर गाणारा मध्येच श्वास घेणार. ‘पंच्याहत्तर वर्षे’ हेही सातच, आणि त्यात च्या-त्त-र्षे असे तीन खडे. पर्याय जुन्या बोलीतच सापडला :

पाऊणशे वर्षे । तूच मेंढपाळ ।
न केली आबाळ । कळपाची ॥

पा-ऊ-ण-शे-व-र्षे, बरोबर सहा. आजीच्या तोंडचा शब्द, म्हणून ऐकणाऱ्याला आकडा नव्हे तर वय कळतं.

दुसरी अडचण पुढच्या वर्षाची. आकडा धृपदात टाकला की गीत एका दिवसात संपतं. 76 व्या वर्षी कोण गाणार? म्हणून आकडा एकाच कडव्यात आणि तोही एकाच चरणात. पुढच्या वर्षी त्या जागी ‘इतुकी ही वर्षे’ म्हणायचं, बाकी अक्षरही हलत नाही. इतर मंडळ्यांनी गीत मागितलं तर त्यांच्यासाठी सहा अक्षरी चरण आत्ताच करून ठेवले : ‘पंचवीस वर्षे’, ‘पन्नास वरुषे’, ‘साठ वर्षे झाली’, ‘शंभर वरुषे’. ‘वर्षे’चं ‘वरुषे’ केलं की एक अक्षर वाढतं, ही सोय लक्षात ठेवावी.

27 जुलै

इतिहासाचं कडवं. संस्थापकांची, देणगीदारांची नावं घालावीत असा आग्रह. नावं घातली नाहीत. एक नाव घेतलं की नऊ राहतात, आणि राहिलेल्या घरची माणसं त्याच बाकावर बसून ते गाणार. नावं अहवालात वाचली जातील, उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत घेतली जातील. गीत देवाला उद्देशून आहे, त्यात माणसांची यादी वाचायला सुरुवात केली की ‘तू’ कोणाला म्हणतोय हेच हरवतं.

पण नाशिकचा ख्रिस्ती इतिहास एका कडव्यात तरी यावा, यावर सगळ्यांचं एकमत. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली. 1873 साली आफ्रिकेत मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांचा देह शेकडो मैल चालत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत इथे शिकलेले जेकब वेनराइट होते. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक आहे? गावाच्या नावातच ‘शरण’ आहे, त्याचाच आधार घेतला :

शरण जे आले । साखळ्या तुटून ।
घेतले उठून । पदरात ॥

पहिल्या खर्ड्यात ‘साखळी तोडून’ होतं. वाचताना खटकलं. मुलांनी साखळ्या तोडल्या नव्हत्या, त्यांच्या तोडल्या गेल्या होत्या. ‘तुटून’ केलं तेव्हा अर्थ जागेवर आला, आणि ‘उठून’शी यमकही आधीपेक्षा चांगलं जुळलं. शरणपूर, गुलाम, आफ्रिका यातला एकही शब्द कडव्यात नाही. माहिती असलेल्याला सगळं दिसतं, नसलेल्याला आपलीच साखळी आठवते. पत्रिकेत कडव्याखाली दोन ओळींची टीप छापायची.

शेवटचं कडवं त्याच बैठकीत झालं, फारसं खोडावं लागलं नाही :

आजी-आजोबांनी । गायिला जो स्वर ।
तोच ओठांवर । नातवांच्या ॥

10 ऑगस्ट

अभंगाची चाल भूप रागात. सा रे ग प ध, पाचच स्वर. मध्यम-निषाद नाहीत म्हणून अर्ध्या सुराची जागाच नाही, आणि न शिकलेला समुदाय बेसूर होण्याच्या जागा निम्म्याने कमी होतात. ठेका भजनी, आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठ मात्रांत पसरतात, चौथ्या चरणाची चार अक्षरं अर्ध्या आवर्तनात संपतात, उरलेल्या चार मात्रा झांजेला. ही मोकळी जागा भरून काढायची नाही. लोक तिथेच श्वास घेतात.

चालीचा पल्ला मंद्र धैवतापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे खालच्या ध पासून वरच्या सा पर्यंत. गायकवृंदातल्या बायकांनी सवयीने पेटीच्या काळी दोनचा सा धरला. त्यांना ते सोपं, पण वरच्या सा ला पुरुषांच्या बाकांवर आवाज तुटतो. काही खालच्या सप्तकात उतरतात, बाकीचे ओठ हलवतात. सा पांढरी एकवर आणला. गायकवृंदाला तो थोडा खाली वाटतो, वाटू दे.

वेळ मोजला. मिनिटाला 80 मात्रा, चार चरणांच्या 32, म्हणजे एक कडवं 24 सेकंद. एकदा पुढे गाणाऱ्याने, एकदा सर्वांनी. पाच कडवी (धृपद धरून) चार मिनिटं. प्रत्येक कडव्यानंतर धृपद परत घेतलं तर साडेपाचच्या वर जातं. फाटकापासून वेदीपर्यंतची मिरवणूक साडेतीन-चार मिनिटांत पोचते. म्हणून मिरवणुकीत धृपद परत नाही. एरवी भजनाला बसून गाताना घ्यावं.

पावसाळी हवेने तबल्याची पुडी सैल, सूर उतरलेला. ठोकून चढवला तरी अर्ध्या तासात पुन्हा खाली. सरावाला ढोलकी घेतली. नोव्हेंबरात हवा कोरडी आणि सकाळ गार, तेव्हा उलट होणार, तबला चढेल. उपासनेआधी वीस मिनिटं तो आत आणून ठेवायचा आणि मगच लावायचा.

24 ऑगस्ट

उपदेशानंतरचं गीत. ज्येष्ठ मंडळींना पाश्चात्त्य चालीवरचं, चार आवाजांत गाता येईल असं एक तरी हवं. इथे नवी चाल करायची नाही. शब्द 8-6-8-6 अवयवांच्या (उच्चाराच्या तुकड्यांच्या) मापात लिहायचे, म्हणजे त्या मापाची जी चाल मंडळीला आधीच येते तिच्यावर बसतील. एक चाल अवघड वाटली तर दुसरी घेता येते, शब्द तेच.

मराठी शब्द इथेच सर्वाधिक मोडतात. का मोडतात ते नीट लिहून ठेवतो, पुढे लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल.

या मापाच्या बहुतेक चाली हलक्या ठोक्यावर सुरू होतात, जोर दुसऱ्या अवयवावर. मराठीत ‘देवा’, ‘येशू’, ‘गाऊ’ असे दोन्ही दीर्घ शब्द ओळीच्या सुरुवातीला ठेवले की पहिलं अक्षर चेपलं जातं आणि ‘वा’, ‘शू’ नुसतेच फुगतात. सुरुवातीला ह्रस्व-दीर्घ शब्द हवेत : प्रभू, पिता, तुझे, दया, कृपा, सदा, नवी. हे ध्यानात आल्यावर पुढचं आपोआप उलगडलं : लघु-गुरु-लघु-गुरु अशी आठ अक्षरं म्हणजे आपलं प्रमाणिका वृत्त. परक्या मापाला घरचं वृत्त जसंच्या तसं बसतं.

दयाळु तू, कृपाळु तू,
नवी तुझी दया;
तुझ्या घरी तुझी मुले
तुला नमावया.

‘नवी तुझी दया’ विलापगीतातून. ‘तुझ्या’तल्या झ्याने आधीच्या तु वर आघात येत नाही, म्हणून तु लघुच.

आधीच्या खर्ड्याची पहिली ओळ होती ‘आनंदाचा हा आला दिन’. वाचायला निर्दोष. चालीवर शेवटचा अवयव तीन ठोके धरला जातो. ‘दिन’ तीन ठोके ओढला की ‘दीन’ होतो, आणि अख्खी मंडळी आनंदाने गाते की आनंदाचा दीन आला. ‘सुत’चं तेच : लांबवला की सूत. ‘प्रकाश’, ‘ख्रिस्त’, ‘देव’ ओळीच्या टोकाला लांबवले की प्रकाशा, ख्रिस्ता, देवा असं संबोधन ऐकू येतं, वाक्याचा कर्ता नाहीसा होतो. म्हणून लांब सुरावर शेवटचं अक्षर उघडं आणि मुळातच दीर्घ हवं. दया, मुले, नमावया ही टोकं त्यासाठीच निवडली. सगळ्यांत उंच सुरावर शक्यतो ‘आ’. इ-ई वर गळा आवळतो.

बैठकीनंतर आणखी तीन कडवी याच मापात झाली. त्यांतलं एक काढून टाकलं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

14 सप्टेंबर

अर्पणाचं गीत. 16 मात्रांची ओळ, 8 आणि 8. केरव्याचं (आठ मात्रांच्या तालाचं) एक आवर्तन म्हणजे अर्धी ओळ. इथे मोजायच्या त्या मात्रा, अभंगासारखी अक्षरं नव्हेत. अभंग लिहून हात बसलेला असला की हा गोंधळ होतोच, आजही दोनदा झाला.

धृपदाचा खर्डा :

आम्ही फांद्या, तू द्राक्षवेल,
तुझ्या रसाने डोळा फुटेल.

डोळा म्हणजे वेलीवरची कोंब फुटायची जागा. फांद्यांना पवित्र शास्त्राच्या जुन्या भाषांतरात ‘फाटे’ आहेत. आजच्या मुलाला फाटा म्हणजे रस्त्याचा. बागेत वेलीच्या फांदीला ‘काडी’ म्हणतात, आणि मात्रांत ‘आम्ही काड्या’ तंतोतंत बसतं; पण काड्या करणं म्हणजे काय हे संडे स्कूलच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. फांद्याच ठेवल्या.

कडवं :

कात्री लागे, डोळां पाणी,
माळ्या, तुझि ही प्रीत शहाणी;
रित्या मांडवी गाऊ गाणी,
माघी भरतिल घोस मण्यांनी.

पाणी-शहाणी-गाणी, आणि शेवटी ‘मण्यांनी’. शेवटचं यमक णी-नी असं मिश्र आहे, शुद्ध नाही. बदलायचे चार प्रयत्न झाले, प्रत्येक वेळी बागेतला शब्द जाऊन पुस्तकी शब्द आला. तसंच ठेवलं.

28 सप्टेंबर

खर्डा मंडळीतल्या दोन द्राक्ष बागायतदारांना वाचून दाखवला. असं वाचन प्रत्येक गीताचं व्हावं. ज्या कामाची उपमा, त्या कामाचा माणूस समोर हवा.

त्यांचं पहिलं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचं निघालं. तिसऱ्या कडव्यात (ते आता बाद) आम्ही वाळलेली फांदी छाटल्याने फळ येतं असं लिहिलं होतं. योहान 15:2 मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत : फळ न देणारी फांदी काढून टाकली जाते, आणि फळ देणारी छाटून साफ केली जाते. बागेतही तसंच. वर्षात दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी, आणि कात्री लागते ती निरोगी, पिकलेल्या काडीला. किती डोळे राखून कापायचं यावर घडांची संख्या ठरते. वाळकं काढणं ही निव्वळ साफसफाई. म्हणजे कडव्यातलं दुःख वाईट फांदीचं नव्हे, चांगल्या फांदीचं आहे. तिसरं कडवं रद्द केलं, त्यामुळे दुसऱ्याचा अर्थ खोल झाला.

‘डोळां पाणी’ त्यांना फार आवडलं. छाटल्यावर कापलेल्या टोकातून थेंब गळतात, वेलीला पाणी सुटतं म्हणतात, आणि तो थेंब कधी कधी खालच्या डोळ्यावरच येऊन थांबतो. माणसाचा डोळा आणि वेलीचा डोळा, दोन्ही एका शब्दात आले.

आक्षेप ‘रित्या मांडवी’वर होता : 23 नोव्हेंबरला मांडव रिता कुठे असतो? ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेली बाग तोवर फुलोऱ्यात असते. उत्तर असं की कडवं छाटणीच्या क्षणाचं आहे, गाण्याच्या दिवसाचं नव्हे. आणि माघ हाही कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा)-बागलाणातल्या लवकर छाटलेल्या बागांना लागू नाही, तिथे माल आधीच निघतो. बहुतेक नाशिक जिल्ह्याला माघ-फाल्गुन बरोबर. ठेवलं.

5 ऑक्टोबर

पहिली परीक्षा. गायकवृंदात नसलेली दहा माणसं बोलावली, हातात कागद दिला, पेटीवर धृपद दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा गायला सांगितलं. समजावून काही सांगायचं नाही. ती कुठे गप्प होतात तिथे खूण करायची. या चाचणीइतकं खरं उत्तर दुसरं कुठेच मिळत नाही.

अभंग दुसऱ्या कडव्यापासून सगळ्यांना आला. ‘यार्देनेचे’वर सगळे अडखळले, कारण र्दे ठेक्याच्या समेवर येत होता. पहिलं अक्षर दोन मात्रा धरून र्दे पुढे सरकवला, अडखळणं थांबलं.

द्राक्षवेलीच्या गीतात मात्र ‘डोळा फुटेल’ म्हणताच तीन जणांच्या चेहऱ्यावर प्रश्न. शहरातल्या कानाला डोळा फुटणं म्हणजे डोळा जाणं. बागेतल्या माणसाला कोंब दिसतो, नाशिक रोडच्या फ्लॅटमधल्या माणसाला अपघात. असा शब्द धृपदात चालणार नाही, धृपद सहा वेळा येतं. नवी ओळ :

तुझ्या रसाने पालवि फुटेल.

‘पालवी’ची वी ह्रस्व केली तर 16 मात्रा भरतात. कडव्यातला ‘डोळां पाणी’ तसाच राहिला, तिथे दोन्ही अर्थ शोभतात.

चालीतही एक बदल. कडवं भीमपलासाच्या अंगाने बांधलं होतं. कोमल गंधार समुदायाला टिकवता येईना. पुरुषांच्या बाजूने तो हळूहळू शुद्ध होत गेला आणि पेटीशी भांडू लागला. चाल शुद्ध स्वरांत आणली, कोमल निषाद एकदाच, वरून खाली येताना, ‘डोळां पाणी’वर. उतरताना कोमल निषाद कोणालाही लागतो. सा पांढरी दोन.

19 ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीमुळे हजेरी कमी. फक्त पेटी-ढोलकीचा सराव.

2 नोव्हेंबर

छपाई. 300 प्रती, ए-4 कागद मधोमध दुमडून चार पानं. अक्षर 16 पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट. त्याहून कमी ठेवलं तर खालच्या ओळीचे रफार वरच्या उकारांना भिडतात. अभंगाचे दोन चरण एका ओळीत, मध्ये दंड. जिथे सूर लांबतो तिथे अवग्रह (ऽ).

पहिल्या प्रुफात दोन प्रकारच्या चुका. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना रफार आणि ह्रस्व वेलांट्या सरकल्या, ‘यार्देनेचे’ ओळखू येईना. मजकूर नव्याने टाइप करणं दुरुस्त करण्यापेक्षा लवकर झालं. दुसरी चूक हेतू चांगला असलेली : मुद्रितशोधनात ‘तुझि’चं ‘तुझी’, ‘भरतिल’चं ‘भरतील’, ‘पालवि’चं ‘पालवी’ केलं गेलं. शुद्धलेखनाने बरोबर, गाण्याला घातक. दीर्घ छापलं की लोक दीर्घ गातात, ओळीत एक मात्रा वाढते, ढोलकी पुढे आणि मंडळी मागे. प्रुफाच्या डोक्यावर लाल शाईत लिहून दिलं : वेलांट्या वृत्तासाठी ह्रस्व आहेत, बदलू नयेत. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात चाळून पाहिलं, आपल्या तिन्ही गीतांच्या पहिल्या ओळी तिथल्या कुठल्याही गीताशी जुळत नाहीत. अनुक्रमणिकेत घोळ होणार नाही.

गीतांखाली व्यक्तीचं नाव न छापता ‘शब्द आणि चाल : मंडळीचा गीतगट’ एवढंच. कोणत्याही मंडळीला उपासनेत गायला मोकळीक, आकड्याचा चरण बदलायलाही. इतर शब्द बदलायचे तर विचारावं.

16 नोव्हेंबर

मंदिरात पूर्ण सराव. छत उंच, भिंती दगडी, आवाज घुमतो. बैठकीच्या खोलीत 96 ने चालणारा केरवा इथे चिखलासारखा झाला. मागच्या बाकांना पुढचा शब्द ऐकू येईपर्यंत ठेका निघून जातो. लय 84 वर आणली. ढोलकी कोपऱ्यातून काढून मधल्या वाटेच्या तोंडाशी ठेवली, पेटी तिच्या शेजारी. पुढे गाणाऱ्याने प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द ठासून म्हणायचा, बाकी ओळीत आवाज कमी.

लोक भरल्यावर घुमणं कमी होईल, तेव्हा लय थोडी उचलावी लागेल. ती ढोलकीवाल्याने ठरवावी, दुसऱ्या कोणी खुणा करू नयेत.

23 नोव्हेंबर

प्रवेशाचा अभंग मिरवणुकीआधी अर्धं मिनिट संपला. पाहुणे पाळकवर्ग पुढे असल्याने चालणं हळू पडलं. पेटीवर धृपद नुसतं वाजवत ठेवलं, लोकांनी आपणहून शब्द धरले.

अर्पणाला चार पिशव्या, सहा मिनिटं. गीत दोनदा पुरलं. दुसऱ्या फेरीत ‘कात्री लागे’ला मागच्या बाकांचा आवाज पुढच्यांपेक्षा मोठा होता. उपदेशानंतरचं गीत चार आवाजांत नीट झालं. शेवटच्या ‘नमावया’वर खर्जाचा आवाज अर्धा ठोका उशिरा सुटला.

30 नोव्हेंबर

दुरुस्त्या. मिरवणुकीसाठी अभंगाच्या पत्रिकेत नोंद : ‘वेळ उरल्यास धृपद परत.’ द्राक्षवेलीच्या गीताची लय 88 कायम केली. ‘न केली आबाळ’ गाताना पुष्कळांनी ‘ना केली’ म्हटलं. अक्षरसंख्या तीच राहते, अर्थही तोच, म्हणून पुढच्या छपाईत ‘ना’ घ्यायचं.

300 पैकी 40 प्रती उरल्या. त्यांवरच्या ‘पाऊणशे वर्षे’वर ‘इतुकी ही वर्षे’ अशी चिठ्ठी चिकटवून त्या मंदिरातल्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवल्या.